उलटा प्रश्न

३ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा रक्तदाब हा असा, आणि तुम्ही दिवसभर माणसांवर ओरडता. त्यापेक्षा वहीत ओरडत जा, वहीला काही होत नाही." गोळ्यांबरोबर फुकटचा सल्ला. येताना वही घेतली. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "दोनशे पानीच? पुरेल?" त्याच्यापासूनच सुरुवात करणार होते, पण आज तो दुसऱ्या नंबरवर आहे.

पहिल्या नंबरवर ती सल्लागार कंपनी.

सकाळी वर्गात होते, फोन तीनदा थरथरला. दादाचा. दादा वर्षातून दोनदा फोन करतो आणि दोन्ही वेळा वहिनी नंबर लावून देते. तास संपवून लावला तर म्हणाला, "तुझं नाव आलंय आमच्या कागदात."

"कुठल्या कागदात?"

"बांधाच्या. बांध नाही म्हणतायत. आणि खाली बारीक अक्षरात तुझं नाव आहे. तळटीप अकरा."

त्यानं अहवालाच्या पानांचे फोटो पाठवले. वस्ती खाडीच्या तोंडाशी आहे, तीनशे बारा घरं. माझा जन्म तिथला. समुद्र चढतोय, मोठ्या भरतीला पाणी गल्लीत येतं, म्हणून लोक दगडी बांध मागतायत. सरकारी खात्यानं कंपनीला विचारलं, बांध परवडतो का? कंपनी म्हणते, नाही. का? तर वस्तीतल्या लोकांनाच त्या काठाचं फारसं मोल नाही, हे एका नावाजलेल्या अभ्यासानं सिद्ध झालंय. तेव्हा सगळ्यांना वरच्या माळावर हलवावं. नावाजलेला अभ्यास माझा. दहा वर्षांपूर्वीचा. अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे, मग सही.

माझ्या कामाचं यांनी काय करून ठेवलंय! तळपायाची आग मस्तकात गेली. गोळी घेतली.


४ मार्च

कंपनीला पत्र लिहिलं. चार पानी. नवऱ्यानं वाचून "निर्लज्ज" हा शब्द तीनदा आलाय म्हणून दोन काढायला लावले.

मी हवामानबदलाचं अर्थशास्त्र शिकवते. लोकांना वाटतं, म्हणजे झाडं लावा वगैरे. डोंबल! बाजारात ज्याची किंमत ठरत नाही, अशा गोष्टीचं मोल काढायचं, हे आमचं काम. काठ, जंगल, मोकळी हवा. ते मोल काढलं नाही तर सरकार ते शून्य धरतं. म्हणून घरोघरी जाऊन विचारायचं, हा काठ आहे तसा राखायला तुमचं कुटुंब वर्षाला जास्तीत जास्त किती रक्कम देईल? उत्तरांची सरासरी, गुणिले घरं. मी हे काम वस्तीला वाचवायला केलं होतं. वाचवायला! आणि ही टायवाली मंडळी त्याचीच कुऱ्हाड करून माझ्या भावाच्या घरावर घालतायत.


९ मार्च

उत्तर आलं. अत्यंत नम्र. इतकं नम्र की अंगावर पाल पडल्यासारखं वाटलं. "आदरणीय मॅडम, आम्ही आपला आकडा कोणताही बदल न करता वापरला आहे. कृपया आपल्या निबंधातील तक्ता चार पाहावा."

यांची चोरी पकडायचीच म्हणून सगळं गणित पुन्हा करायला बसले. जुनी फाइल, जुना प्रोग्रॅम. दुपारी तीनपर्यंत. आकडा तोच आला. दशांशचिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत तोच.

मग चूक कुठे आहे? परीक्षकांनी तेव्हा माझं एक परिशिष्ट कापायला लावलं होतं, जागा नाही म्हणून. त्यातच असणार. ते असतं तर कंपनीची हिंमत झाली नसती. नियतकालिकांचे हे परीक्षक म्हणजे नाव न सांगता दगड मारणारी माणसं.

आमच्या विभागप्रमुखांना सांगायला गेले. त्यांना सगळे मागून गुळमट म्हणतात, मीही. ते ऐकून खूष! "मॅडम, म्हणजे तुमचं संशोधन थेट धोरणात उतरलं! हे तुमच्या फाइलला जोडू या. वीस तारखेची मुलाखत खिशात." वीस तारखेला माझी प्रोफेसरपदाची मुलाखत आहे. आठ वर्षं वाट बघतेय. माझ्यामागून आलेले दोघं केव्हाच होऊन गेले.

म्हटलं, "सर, माझ्या भावाचं घर जाणार आहे त्यात."

"अरेरे," ते म्हणाले, आणि फाइलला पंच केला.


१२ मार्च

वस्तीत गेले होते. जायला नको होतं.

भिंतींवर पाण्याच्या खुणा आता गुडघ्याच्या वर आल्यात. दादाच्या वर्कशॉपमध्ये होड्यांची इंजिनं विटांच्या चार-चार थरांवर चढवून ठेवलीयत. वर्कशॉप आधी वडिलांचं, अप्पांचं; त्यांच्या वेळी विटा नव्हत्या. पान्यांची पाटी तीच आहे, अप्पांनी खिळे ठोकून प्रत्येक पान्याची बाह्यरेषा काढून ठेवलेली, म्हणजे एखादा जागेवर नसला की लगेच दिसतो.

वहिनीनं पाणी दिलं आणि आत निघून गेली. एरवी माझा हात धरून बसते.

दादा हात पुसत म्हणाला, "सात पिढ्या पाण्यात उभे राहिलो, बुडलो नाही. तुझ्या कागदानं बुडालो."

"माझ्या नाही, कंपनीच्या! त्यांनी—"

"आकडा कुणाचा?"

"आकडा लोकांनी सांगितलेला! मी घरातून नाही आणला."

"कुठल्या लोकांनी? मला विचारलं होतंस? अप्पांना?"

मग मात्र माझा तोल गेला. अप्पांच्या घरी सर्वेक्षण करणारी एक विद्यार्थिनी गेली होती. मी स्वतः जाऊ शकत नव्हते. संशोधकानं नात्यातल्या घरी फॉर्म भरायचा नाही, नाहीतर उत्तरं वाकतात, हा नियम. माझाच नियम, आणि मी तो काटेकोर पाळला. आणि अप्पांनी काय केलं? उत्तरच दिलं नाही! सगळ्या जगाच्या इंजिनांसाठी वेळ होता, पोरीच्या एका प्रश्नासाठी नव्हता. वर मला फोन करून म्हणाले, "तुझा प्रश्न उलटा आहे गं." चार वर्षं मरमर करून तयार केलेला प्रश्न! मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला यातलं काय कळतं?" आणि फोन ठेवला. आठ महिने बोलले नाही. पुढे त्यांचं आजारपण आलं, बोललो, पण ते औषधांबद्दल. हा विषय पुन्हा निघाला नाही. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

हे सगळं मी दादाला ओरडून सांगितलं. शेजारचे बाहेर आले असतील.

दादा म्हणाला, "ते तुझी वाट बघत होते."

"कशासाठी?"

त्यानं पाना उचलला आणि कामाला लागला. मीही पर्स उचलली. मानी असशील तर तुझ्या घरी.


१३ मार्च

अजून राग गेलेला नाही. नवऱ्यानं विचारलं, "कुणावरचा?" त्याला बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.


१७ मार्च

परिशिष्ट शोधायला विभागाच्या अडगळीच्या खोलीत गेले. शिपाई म्हणाला, "मॅडम, तुमचे खोके मागच्या वर्षी रद्दीत द्यायचे होते, मीच ठेवले." आयुष्यात पहिल्यांदा या विभागात कुणाच्या आळशीपणाचे आभार मानले.

खोक्यात सगळं होतं. तीनशे बारा फॉर्म, रबरबँड वितळून चिकटलेले. आणि प्रबंधाचा दुसरा मसुदा, त्यावर माझ्या गाईडसरांची लाल शाई.

थांब. हे नीट लिहायला हवं.

आमच्याकडे एक रीत आहे. एखादा माणूस "मला परवडत नाही, शून्य लिहा" म्हणाला तर ते खरं शून्य, ते धरायचं. पण कुणी "सांगत नाही जा", "असले प्रश्न विचारू नका" म्हणाला, तर ते निषेधाचं उत्तर. त्याला कोड नऊ. आणि नऊ नंबरची घरं सरासरी काढण्याआधी यादीतून वगळायची. सगळे वगळतात. पुस्तकात दिलंय.

माझ्याकडे नऊ नंबरची घरं सत्त्याण्णव.

वर्षानुवर्षं मी सांगत आलेय की सरांनी वगळायला लावली. कालपर्यंत तसंच वाटत होतं, शपथेवर सांगितलं असतं. मसुद्याच्या समासात सरांचं अक्षर आहे: "सत्त्याण्णव? जवळजवळ तिसरा हिस्सा! हे नाही म्हणत नाहीयेत, काहीतरी सांगतायत. परत जाऊन विचारा." त्याखाली माझं, पेन्सिलीनं: "वेळ नाही. परिशिष्टात टाकू."

आणि ज्या परीक्षकांना दहा वर्षं शिव्या घातल्या त्यांचं पत्रही सापडलं. त्यांनी लिहिलंय, "निबंध लांब आहे, काहीतरी कमी करावं." काय ते माझ्यावर सोडलं होतं.

नऊ नंबरचे फॉर्म वेगळे काढले. कोण होते हे लोक? घराच्या जागेचा रकाना बघितला तर बहुतेक सगळे पाण्याकडच्या पहिल्या दोन रांगांतले. जुने. ज्यांनी आकडे सांगितले ते मागच्या चढावरचे, भाडेकरू, नवीन आलेले. म्हणजे ज्यांचा काठ होता त्यांनाच मी वगळलं आणि उरलेल्यांची सरासरी काढून त्या काठाचं मोल ठरवलं. आणि त्यावर बक्षीसही घेतलं.

शेऱ्यांचा रकाना मी कधी वाचलाच नव्हता. आज चाळीसेक वाचले. दोनशे चार नंबरचा अप्पांचा आहे, यादीत दिसला. तो काढला नाही. चहा प्यायला गेले आणि तिथून थेट घरी.


२० मार्च

मुलाखत झाली.

पाच जण होते. मधल्या खुर्चीवर बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, पांढऱ्या मिशा, आवाज प्रेमळ. म्हणाले, "तुमचा खाडीचा निबंध मी विद्यार्थ्यांना नमुना म्हणून देतो. निषेधाची उत्तरं इतक्या स्वच्छपणे वेगळी काढलेली मी क्वचितच पाहिलीयत."

हीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. मी आयुष्यभर ज्याच्या-त्याच्या तोंडावर बोलत आलेय, भाजीवाल्यापासून कुलगुरूंपर्यंत.

मी म्हटलं, "धन्यवाद, सर."

घरी आल्यावर उगाच भांडी आपटली. नवरा म्हणाला, "वाईट गेली का?" म्हटलं, "उत्तम गेली!" आणि एक बशी फुटली.


२१ मार्च

गुळमटांचा फोन. "अभिनंदन! एकमतानं. दोन एप्रिलला परिषदेची मंजुरी झाली की पत्र हातात. तोवर फक्त काही वेडंवाकडं करू नका," आणि हसले. त्यांना काय माहीत.

आई असती तर आधी तिला सांगितलं असतं. मग अप्पांना. दादाला फोन लावला आणि वाजायच्या आत कट केला. काय सांगणार होते?


२२ मार्च

दोनशे चार.

अक्षर सर्वेक्षणाच्या मुलीचं, आम्ही तिला वेणीवाली म्हणायचो. सगळ्यांनी एकेक ओळ लिहिलीय, हिनं समास भरून उलटा फॉर्म धरून लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते.

"रक्कम सांगितली नाही. म्हणाले, काठ आमचाच आहे. आपलीच वस्तू आपल्याजवळ ठेवायला पैसे कसले द्यायचे? ज्याला तो आमच्याकडून घ्यायचाय किंवा बुडू द्यायचाय, त्यानं येऊन विचारावं, सोडायचं काय घेणार. मग मी सांगतो काय घेणार ते, आणि ते त्याला झेपतं का बघू. प्रश्न उलटा आहे. पोरीला सांगा, वेळ काढून ये, बसून सांगतो. नाही म्हणत नाहीये म्हणावं, रागावू नकोस. (चहा दिला. दोनदा.)"

मूर्ख. मूर्ख, मूर्ख बाई!

हे मी शिकवते. दुसऱ्या वर्षाला, सहावं व्याख्यान. राखायला काय द्याल आणि सोडायला काय घ्याल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आकडे कैक पटींनी वेगळे येतात, आणि कुठला विचारायचा ते वस्तू कुणाची आहे त्यावर ठरतं. दहा वर्षं फळ्यावर दोन रेघा काढून शिकवतेय. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसानं ते दोन कप चहात सांगितलं, आणि मी त्याला विचारलं, तुम्हाला यातलं काय कळतं.

आठ महिने ते वाट बघत होते. मला वाटलं, मी त्यांना शिक्षा देतेय.

आज रडले. डॉक्टरीणबाईंनी रडण्याबद्दल काही सांगितलेलं नाही.


२४ मार्च

वेणीवालीचा नंबर मिळवला. आता कुठल्याशा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, दोन मुलं आहेत, वेणी नाही. माझा आवाज लगेच ओळखला. "ओरडत नाही आहात, बरं आहे ना मॅडम?"

विचारलं, "तू मला त्या फॉर्मबद्दल सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, शेऱ्यांचा रकाना प्रोग्रॅमला कळत नाही, नऊ लिही आणि पुढे चल. मी पुन्हा सांगायला आले तेव्हा तुम्ही फोनवर कुणाला तरी झापत होतात."

माझ्यावर कुणी इतकं साधेपणानं रागावलेलं नाही. तिला रागावताही आलं नाही मला.

"तुमचे वडील मला गेटपर्यंत सोडायला आले होते," ती म्हणाली. "म्हणाले, बाळ, तिला नक्की सांग हं. मला अजून वाईट वाटतं, की मी तिसऱ्यांदा नाही सांगितलं."


२५ मार्च

नियतकालिकाला दुरुस्तीपत्र लिहिलं. साध्या शब्दांत: प्रश्न चुकीचा विचारला, सत्त्याण्णव घरं वगळायला नको होती, या निबंधाचा आकडा या वस्तीसाठी कुणीही वापरू नये. पाठवण्याआधी रीतसर विभागप्रमुखांना दाखवलं.

गुळमटांनी दार लावून घेतलं. "मॅडम, चूक म्हणू नका. मर्यादा म्हणा. प्रत्येक अभ्यासाला मर्यादा असतात."

"सर, ही चूक आहे."

"बरं, चूक. पण आठ दिवस थांबा ना! दोन तारखेला मंजुरी होऊ दे. मग हवी तेवढी दुरुस्ती करा. प्रोफेसर झाल्यावर तर तुमच्या दुरुस्तीला वजन येईल."

आणि खरं सांगते, वही, ते मला पटलं. पूर्ण दोन मिनिटं पटलं. प्रोफेसर म्हणून पत्र, जास्त वजन, सगळ्यांचं भलं. मग आठवलं की सुनावणी अठ्ठावीसला आहे. दोन तारखेला माझं पत्र हातात पडेल तेव्हा त्यांच्या हातात घर सोडायची नोटीस असेल.

"वेळ नाही, परिशिष्टात टाकू, असं एकदा केलंय मी," म्हटलं.

"म्हणजे?"

"काही नाही." तिथेच त्यांच्या टेबलावर लॅपटॉप उघडून पत्र पाठवलं. त्यांचा चेहरा बघून जरा बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?


२८ मार्च

सुनावणी. वस्तीच्या शाळेत, मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. समोर सुनावणी अधिकारी, शेजारी कंपनीचा टायवाला. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी. दादा तिसऱ्या बाकावर होता. माझ्याकडे बघितलं नाही.

नाव पुकारल्यावर टायवाला उठून उभा राहिला, हात जोडले. त्याला वाटलं, त्याच्या बाजूनं आलेय.

म्हटलं, "तळटीप अकरा मी आहे. तो निबंध चुकीचा आहे. मी लिहिलाय, मीच सांगतेय. या लोकांनी काठाचं मोल नाही असं कधीच सांगितलं नाही. मोल आहे असं ज्यांनी सांगितलं, त्यांनाच मी वगळलं." आणि पिशवीतून नऊ नंबरचा गठ्ठा काढून वाचायला लागले. क्रमांक सात: "इथे माझे दोन मुलगे पोहायला शिकले, त्याचं बिल तुला देऊ का?" क्रमांक एकोणीस: "नवऱ्याची होडी इथून गेली आणि आली नाही. मी हा काठ सोडून दुसरीकडे बसून कुणाची वाट बघू?" क्रमांक अठ्ठावीस: "चल नीघ."

लोक हसले. घंटी वाजली. मी वाचतच राहिले. अधिकारी म्हणाला, "मॅडम, वेळ संपला."

मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. "माझी तीन मिनिटं तिला द्या."

"आजी, तुम्हाला काही बोलायचं नाही?"

"बोलले की. एकोणीस नंबर माझाच आहे. दहा वर्षांनी वाचला एकदाचा." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू त्या इंजिनवाल्याची ना? तोंड तसंच आहे." ते कौतुक नव्हतं.

बत्तीस फॉर्म वाचून झाले. दोनशे चार वाचला नाही. तो पर्समध्ये होता.

अधिकाऱ्यानं चष्मा काढला. "मग खरा आकडा किती? मला कागदावर काहीतरी लिहावं लागतं."

"माहीत नाही. मी विचारलंच नाही."

"मग विचारा आणि सांगा," तो चिडून म्हणाला. तीन महिने दिले. सही पुढे ढकलली. बांध मिळाला असं नाही, पण नाही असंही लिहिलं गेलं नाही.

बाहेर आले तर दादा निघून गेला होता. वहिनी गेटपाशी थांबली होती. माझा हात धरला, सोडला आणि गेली.


२ एप्रिल

परिषदेनं माझा विषय "सखोल विचारासाठी" पुढे ढकलला. गुळमट मला जिन्यात दिसले आणि परत वर गेले.

नवऱ्याला वाटलं होतं मी घर डोक्यावर घेईन. घेतलं. आठ वर्षं! चूक कबूल करणाऱ्याला थांबवायचं आणि झाकणाऱ्याला हार घालायचे, हे यांचं विद्यापीठ! खूप चिडलेय. पण रक्तदाब मोजला तर जवळजवळ नॉर्मल. यंत्र बिघडलं असावं.


१९ एप्रिल

नव्या सर्वेक्षणाचा पहिला दिवस. प्रश्न सरळ केला: हा काठ सोडायला तुम्ही काय घ्याल, आणि काहीच घेणार नसाल तर का? शेऱ्यांचा रकाना आता अख्खं पान आहे, आणि प्रोग्रॅमला कळो न कळो, प्रत्येक शब्द टाइप होणार. कोड नऊ ठेवलेलाच नाही. वेणीवालीनं सुट्टी काढली, तिच्या तीन विद्यार्थिनीही आल्या. सकाळी घरं वाटून घेतली.

दादाचं घर वेणीवालीकडे. नात्यातल्या घरी संशोधकानं जायचं नाही, हा नियम बरोबरच आहे, तो मी बदललेला नाही. कुणी बोट दाखवायला नको. मी वर्कशॉपच्या बाहेर पालथ्या होडीवर बसून बाकीच्या घरांची यादी तपासत होते. ओहोटी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

वेणीवालीनं प्रश्न वाचला. दादानं पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "बाहेर बसलीय ना ती?"

"हो. त्यांना आत यायला नियम—"

"तिला सांग, आत ये म्हणावं. दहा वर्षं झाली बाहेर बसून."

मी यादीतच बघत राहिले. मला एकही नाव वाचता येत नव्हतं.

मग वहिनी दारात आली आणि नेहमीच्या आवाजात ओरडली, "अहो प्रोफेसरबाई, येताय का पाणी चढायची वाट बघताय?"

गेले. दादा विटांवरच्या इंजिनाशेजारी बसला होता. स्टूल पुढे सरकवलं, अप्पांचं. पर्समधून दोनशे चार काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तेलकट हात आधी पुसले, मग वाचला, मग पुन्हा वरपासून वाचला. शेवटच्या ओळीला थोडा हसला. "दोनदा. खरंय, दोनदाच द्यायचे."

"मी यायला हवं होतं, दादा."

"हो," तो म्हणाला. नुसतं हो. मग फॉर्म घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. परत मागायची माझी हिंमत झाली नाही, आणि मूळ कागद आहे, फाइलला लागेल.

"बस," म्हणाला. "आता विचार."

मी वेणीवालीकडे बघितलं. तिनं पेनाचं टोपण लावलं आणि फॉर्म माझ्यापुढे केला. म्हणाली, "हे घर हिशेबात नको धरायला. पण विचारून घ्या."

मी प्रश्न वाचला. सरळ. उत्तर द्यायला दादाला पाऊण तास लागला. मी एकदाही मध्ये बोलले नाही, आणि सगळं लिहून घेतलं. पान पुरलं नाही, म्हणून उरलेलं या वहीच्या मागच्या पानांवर आहे.